फिलाडेल्फियाचा लाँग वीकेंड: मोडकं ते मोडकंच दाखवणारं शहर

आम्ही वॉशिंग्टनजवळ राहतो. आमच्याकडच्या लोकांना फिलाडेल्फिया ठाऊक असतं ते न्यूयॉर्कला जाताना हायवेवरून डाव्या हाताला दिसणारा उंच इमारतींचा पुंजका म्हणून. पाहुणे आले की न्यूयॉर्क, पाहुणे गेले की दमणूक, मधलं फिलाडेल्फिया आपलं तसंच राहून जायचं. मुलगी कॉलेजला गेली, घरात दोघंच उरलो, आणि ऑक्टोबरातल्या कोलंबस डेच्या लाँग वीकेंडला शेवटी मुद्दाम तिथे उतरलो. कुणी विचारलं तर मी डोळे झाकून ‘जा’ म्हणेन. कशासाठी जा, हे मात्र तिथल्या जाहिरातींपेक्षा थोडं वेगळं सांगेन.

मी विमा कंपनीत क्लेम्स बघते. चेपलेली, गळकी, जळकी वस्तू समोर आली की ती मुळात कशी होती, कधी बिघडली, दुरुस्ती कुणी केली आणि ती टिकली का, हे विचारणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. नवरा म्हणतो, ‘तू सुट्टीतही फाइल उघडतेस.’ उघडते खरी. पण या शहरात ती खोड कामाला आली, कारण इथल्या सगळ्यात नावाजलेल्या वस्तू तडकलेल्या, पडक्या नाहीतर चक्क नाहीशा झालेल्या आहेत, आणि शहराने त्यांना रंगसफेदी करून नव्या केलेलं नाही.

आधी व्यवहाराचं. गाडी नेऊ नका. जुन्या भागात पार्किंगला दिवसाचे जे पैसे पडतात त्यात दोघांचं चांगलं जेवण होतं. वॉशिंग्टनहून अ‍ॅमट्रॅकने दोन तासांच्या आसपास लागतात आणि थर्टीएथ स्ट्रीट स्टेशनात उतरल्या उतरल्याच मान वर जाते. हॉलच्या टोकाला पडलेल्या सैनिकाला उचलून धरणारा ब्राँझचा प्रचंड देवदूत आहे. दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या पेनसिल्व्हेनिया रेलरोडच्या १,३०७ कर्मचाऱ्यांचं ते स्मारक.

शहरात चुकायची सोय नाही. शहराचा संस्थापक विल्यम पेन याने १६८२ मध्ये दोन नद्यांच्या मधे पाटीवर रेघा माराव्यात तसे सरळ रस्ते आखून घेतले. उत्तर-दक्षिण रस्त्यांना नंबर, पूर्व-पश्चिम रस्त्यांना बरीचशी झाडांची नावं: चेस्टनट, वॉलनट, स्प्रूस, पाइन. फक्त पहिल्याला फ्रंट म्हणायचं आणि चौदावा शोधत बसायचं नाही, तो ब्रॉड. एकदा हे कळलं की फोन पर्समध्ये टाकायचा. बूट मात्र चांगले घाला. जुन्या भागातले फूटपाथ विटांचे आहेत आणि झाडांच्या मुळांनी त्या विटा जागोजाग उचलल्या आहेत.

हॉटेलचं नाव लिहीत नाही. जागा फक्कड होती, सगळीकडे चालत जाता यायचं. पण बुकिंग करताना ‘ऐतिहासिक परिसराचं दृश्य’ असं लिहिलेल्या खोलीची खिडकी उघडली तर समोर पार्किंगच्या इमारतीचा चढ, आणि रात्री दोनला कुणाच्या तरी गाडीचा भोंगा. खाली डेस्कवर सांगितलं तर त्या मुलीने फार गोड हसून कानात घालायचे बोळे दिले. तक्रार निकालात.

इंडिपेन्डन्स हॉलचं तिकीट आधी काढून ठेवा. प्रवेश फुकट, पण ऑनलाइन बुकिंगचा माणशी एक डॉलर लागतो आणि वेळ ठरलेली असते. लाँग वीकेंडला सकाळच्या वेळा भराभर संपतात. शिवाय आत शिरताना सुरक्षा तपासणीची रांग असते, तो वेळ वेगळा धरा. आतली सहल छोटी आहे. मोठी टोपी घातलेला नॅशनल पार्कचा रेंजर आधी कोर्टाच्या खोलीत नेतो आणि मग त्या दालनात, जिथे ४ जुलै १७७६ ला स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला आणि १७८७ मध्ये राज्यघटना ठरली. हिरव्या कापडाची टेबलं, कलमं, पुस्तकं, सगळं असं मांडलेलं की मंडळी जरा पाय मोकळे करायला बाहेर गेली असावीत. पण आमच्या रेंजरने पहिल्याच मिनिटाला सांगून टाकलं की हे बहुतेक सामान त्या काळातलं असलं तरी त्या खोलीतलं नाही, मूळचं लढाईच्या धामधुमीत गेलं. खरी आहे ती समोरची उंच पाठीची खुर्ची, जिच्यावर बसून जॉर्ज वॉशिंग्टनने घटनेच्या सभेचं अध्यक्षपद सांभाळलं. पाठीच्या वरच्या टोकाला अर्धा सूर्य कोरलाय. हा उगवता की मावळता, हे बेंजामिन फ्रँकलिन सगळी सभा होईपर्यंत न्याहाळत होता आणि शेवटी ‘उगवता’ म्हणाला, ही गोष्ट तिथे प्रत्येक गटाला सांगतात. सांगू देत. गोष्ट चांगली आहे.

नवऱ्याने तिथेच माझ्या कानात विचारलं, ‘याच साली पुण्यात काय चाललं होतं?’ त्याच्या अशा प्रश्नांची मला सवय आहे आणि उत्तर त्याच्याकडेच असतं. मार्च १७७६ मध्ये पुरंदरचा तह झाला. सवाई माधवराव दोन वर्षांचेही नव्हते, नाना फडणीस आणि बारभाई कारभार बघत होते, आणि टेबलाच्या पलीकडे इंग्रजच. इकडची भानगड तरी पेटली कशावरून, तर त्याच ईस्ट इंडिया कंपनीच्या चहावरून. पुढे १७८१ मध्ये यॉर्कटाउनला ज्याने वॉशिंग्टनपुढे शरणागती पत्करली तो कॉर्नवॉलिस पाच वर्षांनी गव्हर्नर जनरल होऊन आपल्याकडे आला आणि १७९२ मध्ये मराठे आणि निजाम यांना बरोबर घेऊन टिपूचं अर्धं राज्य घेऊन गेला. इथे हरलेला माणूस तिथे बढतीवर! माझ्या ऑफिसातही हे चालतं.

आता घंटा. लिबर्टी बेलला तिकीट नाही, रांग आहे, पण ती सरकते. बहुतेक लोक आत शिरतात, फोटो काढतात आणि ‘एवढीशीच?’ म्हणत बाहेर पडतात. माझा मात्र तिथून पाय निघेना. कारण ही माझ्या आयुष्यात पाहिलेली सगळ्यात प्रसिद्ध क्लेम फाइल आहे.

घंटेची मागणी नोंदवली १७५१ मध्ये, लंडनच्या व्हाइटचॅपल फाउंड्रीकडे. माल पोहोचला १७५२ ला, वाजवून बघितला आणि पहिल्याच चाचणीत तडकला. मग पास आणि स्टो या दोघा स्थानिक कारागिरांनी ती फोडून, वितळवून, तांबं वाढवून नव्याने ओतली. आवाज असा बद्द आला की लोक हसले. त्यांनी पुन्हा ओतली. आज दिसते ती ही तिसरी, आणि तिच्यावर लंडनचं नव्हे, या दोघांचं नाव आहे. ‘पेन्सिल्व्हेनिया’ या शब्दात एक ‘एन’ कमी आहे, पण त्या काळी तसंही लिहीत, तेवढं माफ.

फोटोत दिसते ती रुंद चीर म्हणजे मुळात तडा नाहीच, ती दुरुस्ती आहे. ही गोष्ट बाहेर फारशी कुणाला माहीत नसते. बारीक तडा गेला होता. त्याच्या दोन्ही कडा एकमेकींवर घासून आवाज बिघडू नये म्हणून १८४६ मध्ये ती फट मुद्दाम कोरून रुंद केली. वाकून, दिव्याच्या तिरप्या उजेडात बघा. फटीच्या कडांवर ड्रिलच्या टोकाच्या खुणा ओळीने दिसतात, चाळिसाहून जास्त आहेत. दोन बोल्टही तसेच आहेत. एवढं करून वॉशिंग्टनच्या जयंतीला घंटा वाजवली, आणि नवाच एक केसाएवढा तडा वर चढत गेला, नेमका ‘लिबर्टी’ या शब्दातून. त्याने घंटा कायमची मुकी झाली. तो दुसरा तडा फोटोत येत नाही, तिथे जाऊनच शोधावा लागतो. नवरा मागे ताटकळत उभा, मी काचेला नाक लावल्यासारखी तडा शोधतेय, आणि मागचं एक कुटुंब मी काय बघतेय ते बघायला थांबलेलं. सापडला तेव्हा त्यांच्या धाकट्यालाही दाखवला.

वॉरंटीचाही किस्सा आहे. १९७६ च्या सुमारास फिलाडेल्फियातल्या ‘चालढकल करणाऱ्यांच्या क्लब’ची मंडळी लंडनला फाउंड्रीच्या दारात निदर्शनं करायला गेली की आम्हाला खराब माल दिलात, वॉरंटीचं काय? फाउंड्रीने उत्तर दिलं, मूळ खोक्यासकट परत आणा, बदलून देतो. इतकं चोख उत्तर मला आमच्या धंद्यात कुणी दिलेलं नाही.

घंटेच्या इमारतीच्या दारातच एक घर आहे, म्हणजे नाही. राष्ट्राध्यक्ष असताना वॉशिंग्टन जिथे राहिला ते घर १८३२ मध्ये पाडलं. आता तिथे अर्ध्या भिंती, दारं-खिडक्यांच्या नुसत्या चौकटी आणि काचेखाली पायाचे दगड. या घरात त्याने नऊ गुलाम ठेवले होते. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्याने सहा महिने इथे राहिलेला गुलाम मोकळा होऊ शकत होता, म्हणून ती मुदत भरायच्या आत त्यांना राज्याबाहेर नेऊन परत आणायची शक्कल चालायची. त्यातली ओनी जज ही मुलगी १७९६ मध्ये, घरातली मंडळी जेवायला बसलेली असताना, निघून गेली आणि शेवटपर्यंत हाती लागली नाही. स्वातंत्र्याची घंटा बघायला निघालेला माणूस या चौकटींमधून जातो. बहुतेक जण चालत सुटतात. तुम्ही थांबा.

फ्रँकलिनच्या घराचीही तीच कथा. मार्केट स्ट्रीटवरच्या एका बोळकांडीतून आत गेलं की अंगण लागतं आणि त्यात पांढऱ्या पोलादी नळ्यांची घराची नुसती बाह्यरेषा. घर १८१२ मध्ये वारसांनी पाडलं होतं. ते नेमकं कसं दिसायचं याचा भरवसा नव्हता, म्हणून १९७६ मध्ये वास्तुरचनाकार रॉबर्ट व्हेंचुरीच्या कार्यालयाने खोटं घर बांधायचंच नाकारलं आणि पोकळ सांगाडा उभा केला. जमिनीत काचेची झरोकेवजा भोकं आहेत, त्यातून खालचा पाया आणि शौचकूप दिसतात. आपल्याकडे कुणाच्या जन्मस्थानी काही उरलं नसलं की गुळगुळीत संगमरवर आणि सोनेरी पुतळा ठरलेला. त्या सांगाड्याखाली उभं राहून मला वाटलं, हे किती बरं. तळघरातलं छोटं संग्रहालय मुलांना आवडेल, आम्ही भराभर उरकलं.

फ्रँकलिनची कबर तिथून जवळ, आर्च स्ट्रीटच्या कोपऱ्यावर. पैसे भरून आत जाता येतं, पण कुंपणाच्या गजांतून फुटपाथवरूनही दिसते. लोक शुभ म्हणून तिच्यावर पेन्या टाकतात. त्या नाण्यांच्या माऱ्याने दगडाचं इतकं नुकसान झालं की काही वर्षांपूर्वी त्याची डागडुजी करावी लागली. काटकसरीची वचनं लिहिणाऱ्या माणसाच्या डोक्यावर रोज सुटे पैसे उधळायचे, म्हणजे कमाल आहे. नवऱ्याने खिशात हात घातला होता, मी डोळे वटारले.

जेवणाकडे येते. मी शाकाहारी, नवऱ्याला चिकन-मासे चालतात, बीफ-पोर्क नाही. म्हणजे या शहराची शान असलेलं चीजस्टेक, लांब पावात बीफचे काप आणि चीज, आमच्या कामाचं नाही. नाइन्थ स्ट्रीटवर एकमेकांसमोर दंड थोपटून उभी असलेली पॅट्स आणि जीनोज ही दुकानं लांबूनच बघितली. चिकन घातलेलंही मिळतं बऱ्याच ठिकाणी. नवऱ्याने एका गाडीवर घेतलं आणि ‘पाव चांगला आहे’ एवढाच अभिप्राय दिला, यावरून काय ते समजा.

पण रेडिंग टर्मिनल मार्केट! नावात स्टेशन आहे ते खरंच. १८९३ मध्ये रेल्वेने वर गाड्यांचे फलाट बांधले आणि खाली बाजार बसवला. गाड्या गेल्या, बाजार राहिला. आत पाऊल टाकलं की दालचिनी, लोणची, मासे, कॉफी आणि भाजलेलं मांस असा सगळा वास एकदम अंगावर येतो. शाकाहारी माणसाने मासळीच्या बाजूने शिरू नये, बाराव्या रस्त्याकडून शिरावं आणि नाक सांभाळावं.

आमिश लोकांचे ठेले हे इथलं मुख्य आकर्षण. लँकेस्टर भागातून येणारी, जुन्या रीतीने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाची ही शेतकरी मंडळी, बायकांच्या डोक्यावर पांढरी जाळीदार टोपी, पुरुषांच्या पँटला खांद्यावरून जाणारे पट्टे. रविवारी त्यांचे ठेले बंद असतात, ही एक गोष्ट लक्षात ठेवली तरी हा लेख वाचल्याचं सार्थक. आम्ही शनिवारी सकाळीच गाठलं. प्रेट्झेलच्या ठेल्यावर एक मुलगी कणकेची लांब वळी हातात धरून हवेतच एक गिरकी द्यायची आणि ओट्यावर टेकेपर्यंत तिची गाठ तयार. नंतर सोड्याच्या पाण्यात बुडवून भट्टीत, बाहेर आलं की वितळलेल्या लोण्यात चिंब. हातात येतं तेव्हा इतकं गरम की कागदासकट एका हातातून दुसऱ्या हातात टाकावं लागतं. वरून फक्त जाड मीठ. मी एक खाल्लं, मग पिवळ्या मोहरीच्या सॉसबरोबर दुसरं. शेजारच्या बायलर्सचे डोनट मोठे आणि ताजे असतात, पण गोड फार. अ‍ॅपल फ्रिटर दोघांत एक पुरे. बॅसेट्सचं आइस्क्रीम चुकवू नका. १८६१ पासूनचा हा घरगुती धंदा मार्केट उघडल्या दिवसापासून इथे आहे. साधं व्हॅनिला घ्या, दुधाची चव कळते.

बसायला जागा मिळणं हे दिव्य. दुपारी बारानंतर माणसाला माणूस लागतो. एकाने टेबल धरायचं आणि दुसऱ्याने रांगेत उभं राहायचं, हा मुंबईचा अनुभव इथे उपयोगी पडला.

रात्रीच्या जेवणाची एक गंमत. पेनसिल्व्हेनियात दारूचे परवाने महाग आणि मोजके, म्हणून खूपशा छोट्या रेस्टॉरंटांत दारूच मिळत नाही, आपली बाटली आपण न्यायची. सरकारी दुकानातून वाइन घेतली आणि स्प्रूस स्ट्रीटजवळच्या एका इटालियन खानावळीत गेलो. दहा-बारा टेबलं, मालकीणबाई स्वतः बाटली उघडून देतात. वांग्याचा पदार्थ उत्तम होता आणि बिलात वाइनचा तिप्पट भाव नव्हता. दोघांच्या सहलीत एवढी एक संध्याकाळ तरी अशी ठेवा.

रविवारी ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शरी. ‘सुट्टीत तुरुंग कुठे बघायचा’ म्हणून नवरा कुरकुरत होता. बाहेर पडताना तोच मागे रेंगाळला. हा तुरुंग १८२९ मध्ये उघडला आणि १९७१ मध्ये बंद झाला. कल्पना अशी की कैद्याला मारझोड करायची नाही, एकटं ठेवायचं. एकांतात तो पश्चात्ताप करेल आणि सुधारेल. प्रत्येकाला वेगळी कोठडी, मागे वेगळं छोटं अंगण, बाहेर काढायचं तर डोक्यावर बुरखा, म्हणजे कुणी कुणाचं तोंड बघायचं नाही. व्हाइट हाउसमध्ये नळाचं पाणी यायच्या आधी इथे कोठड्यांत ते होतं. चार्ल्स डिकन्स १८४२ मध्ये बघून गेला आणि त्याने या एकांताला शारीरिक छळापेक्षा वाईट ठरवलं.

आज तो तुरुंग मुद्दामच पडका ठेवलाय. छप्पर गळू नये, भिंत कोसळू नये एवढंच करतात. गिलाव्याचे पापुद्रे पायाशी पडलेले, कोठडीत गंजलेली खाट, मेडिकल टेबलासारखं काहीतरी उलटं पडलेलं. मी एका कोठडीत शिरले. दार बुटकं, मान वाकवूनच जावं लागतं. आत कमानदार छत आणि वर मधोमध उजेडाची एक फट. दुसरं काही बघायलाच नाही, त्यामुळे डोळे पुन्हा पुन्हा तिकडेच जातात. ऑडिओ गाइड तिकिटातच येतो. जुने पहारेकरी आणि कैदी स्वतःच्या आवाजात बोलतात, त्यामुळे कान सोडवत नाही. कुप्रसिद्ध गुंड अल कपोन १९२९ मध्ये इथे होता, त्याची सजवलेली कोठडी बघायला सगळ्यात जास्त गर्दी आणि सगळ्यात कमी मजा.

मधल्या गोल चौकात उभं राहिलं की चारी बाजूंना लांबच लांब बराकी फाटे फुटल्यासारख्या जाताना दिसतात. मूळ आराखड्यात सात होत्या. मी काही बोलायच्या आत नवरा म्हणाला, ‘अंदमान.’ तिथेही मधे मनोरा आणि सात फाटे, तिथेही एकेकट्याची कोठडी. आम्ही लग्नानंतर पोर्ट ब्लेअरला गेलो होतो, त्यातले तीन फाटे उरलेत. सावरकरांना तिथे कोंडलं ती तारीख ४ जुलै १९११. ज्या शहरात ४ जुलैचे दिवे वर्षभर विझत नाहीत तिथे ही तारीख आठवावी, याला काय म्हणायचं. फरक एवढाच की इथे एकांत सुधारण्यासाठी दिला, असं तो देणारे मानत होते. अंदमानात तसं मानायचीही तसदी कुणी घेतली नाही. अंगणात पोलादी पट्ट्यांचा एक भलामोठा आलेख उभा केलाय, अमेरिकेत तुरुंगात असलेल्या माणसांचं प्रमाण दशकागणिक कसं चढलं ते दाखवणारा. त्यापुढे फारसं कुणी फोटो काढत नाही. ऑक्टोबरात संध्याकाळी इथे भुताखेतांचे खेळ होतात, त्यांची तिकिटं वेगळी. आम्हाला दिवसाचंच पुरे झालं.

तुरुंगाच्या मागून उत्तरेला चालत गेलं की जिरार्ड कॉलेजची लांबलचक दगडी भिंत लागते. तिच्या कडेकडेने नॉर्थ कॉलेज अ‍ॅव्हेन्यूवर पोहोचायचं, हा माझा हट्ट होता. एकविसाव्या रस्त्याच्या त्या कोपऱ्यावर वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया होतं. १८६५ ला जन्मलेली कल्याणची यमू, म्हणजे आनंदीबाई जोशी, अठराव्या वर्षी कलकत्त्याहून बोटीत बसली आणि इथे शिकली. ११ मार्च १८८६ ला एम. डी. झाली, समारंभाला पंडिता रमाबाई आल्या होत्या. वर्षही पुरतं झालं नाही तोच, २६ फेब्रुवारी १८८७ ला, पुण्यात गेली. बावीसही पूर्ण नव्हती.

कॉलेज तिथून केव्हाच हललं. आम्हाला दिसल्या त्या विटांच्या चाळवजा घरांच्या रांगा, पायऱ्यांवर ठेवलेले हॅलोवीनचे भोपळे आणि कुत्रं फिरवणारे एक आजोबा. आनंदीबाईंची खूण आम्ही फिरलो त्या टापूत कुठेच दिसली नाही. वारा सुटला होता, ऑक्टोबरच होता, तरी शालीसाठी पर्स उघडावी लागली. साडी नेसून, इथला जानेवारी, दुबळी प्रकृती आणि परका आहार. तिघी विद्यार्थिनींचा तो प्रसिद्ध फोटो आहे ना, आनंदीबाई, जपानची केई ओकामी आणि सीरियाची इस्लामबुली, आपापल्या देशाच्या वेषात, तो १० ऑक्टोबर १८८५ चा. आम्ही गेलो ते दिवस साधारण तेच. ज्या शहराने फ्रँकलिनच्या नसलेल्या घराची चौकट उभी केली, त्याने इथे चार नळ्या तरी रोवायला हरकत नव्हती. या एका बाबतीत माझे मार्क कापले.

कलासंग्रहालयाच्या बहात्तर पायऱ्या नवऱ्याने सिनेमातल्या रॉकीसारख्या पळत चढल्या आणि वर पोहोचून पाच मिनिटं बोलला नाही. आत चित्रं ढिगाने आहेत, पण वेळ कमी असेल तर थेट भारतीय विभागात जा. तिथे मदुराईच्या मदनगोपालस्वामी मंदिरातला दगडी खांबांचा अख्खा मंडप उभा आहे. फिलाडेल्फियाच्या अ‍ॅडलिन पेपर गिब्सन या बाईंनी १९१२ मध्ये हे दगड मदुराईत विकत घेतले, त्या गेल्यावर घरच्यांनी ते संग्रहालयाला दिले. पुढे भारतीय कलेच्या अभ्यासक स्टेला क्रॅमरिश यांनी वर्षानुवर्षं हा विभाग सांभाळला. खांबांवरच्या मूर्ती जवळजवळ माणसाच्या उंचीच्या, आणि मधे उजेड इतका मंद की आपोआप आवाज खाली येतो. मी चप्पल काढायला वाकले होते, खरंच. मालकी, विक्री, कागदपत्रं असे सगळे प्रश्न डोक्यात आले. पण तिथल्या बाकावर अर्धा तास काढला, हेही तितकंच खरं. शुक्रवारी संध्याकाळी आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी ‘मनाला येईल ते द्या’ अशा दरात प्रवेश असतो.

बाकीचं थोडक्यात. एल्फ्रेथ्स अ‍ॅली ही अठराव्या शतकातल्या घरांची गल्ली गोजिरवाणी आहे, पण लोक तिथे राहतात, खिडकीत डोकावू नका. सिटी हॉल बाहेरून बघा. ५४८ फूट उंच, पोलादी सांगाड्याशिवाय नुसत्या दगड-विटांवर उभा, आणि डोक्यावर विल्यम पेनचा ३७ फुटी पुतळा. त्याच्या टोपीच्या वर कुणी बांधायचं नाही हा अलिखित करार १९८७ पर्यंत पाळला गेला. पहिला अमेरिकन झेंडा शिवला असं जिच्याबद्दल सांगतात त्या बेट्सी रॉसचं घर वगळलंत तरी चालेल.

पेनसिल्व्हेनियात कपड्यांवर विक्रीकर नाही, त्यामुळे नवऱ्याने वॉलनट स्ट्रीटवर थंडीचा कोट घेतला आणि कर वाचवला, असं तो म्हणतो. मूळ किमतीबद्दल तो बोलत नाही. परतीचं तिकीट जातानाच काढा, सोमवारी संध्याकाळच्या गाड्या खच्चून भरतात आणि भाडं दुपटीवर जातं.

लाँग वीकेंडला दोन गोष्टी होत नाहीत. टांकसाळ शनिवार-रविवारी आणि सरकारी सुट्टीला बंद. आणि वुमन्स मेडिकल कॉलेजची जुनी कागदपत्रं, तो फोटोसुद्धा, ड्रेक्सेल विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजच्या संग्रहात आहेत. ती बघायची तर आधी लिहून, कामाच्या दिवशी जायला हवं. पत्र पाठवलंय, आणि वसंतातला एक शुक्रवार रजेसाठी मागून ठेवलाय.